अजगराचा चातुर्मास

साप पाळणाऱ्याला सापाचं फारसं काही करावं लागत नाही. सगळं करावं लागतं ते उंदरांचं. ही गोष्ट साप आणण्याआधी कोणी सांगत नाही, आणि सांगितली तरी कानात शिरत नाही, कारण ऐकणाऱ्याचे डोळे काचेपलीकडच्या वेटोळ्यावर खिळलेले असतात.

माझ्या भाच्याकडे एक बॉल पायथन आहे. अजगर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे अख्खं बकरू गिळून पडलेला जो ऐवज येतो, तो हा नव्हे. हा पश्चिम आफ्रिकेतला, दोन-तीन हात लांबीचा, आणि घाबरला की डोकं मधोमध लपवून गुंडाळी करून बसणारा भिडस्त प्राणी. आपल्याकडची साधी धामण किंवा दिवड घरात ठेवली तरी १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा होतो. परदेशातून आलेल्या या पाहुण्याची मात्र सरकारदरबारी रीतसर नोंद करता येते, त्यासाठी २०२४ साली नियमही निघाले. स्वतःच्या आधार कार्डावरचा पत्ता ज्याने अजून बदललेला नाही, त्या आमच्या भाच्याने सापाची नोंद मुदतीच्या आत करून टाकली. ताईने, म्हणजे त्याच्या आईने, त्या नोंदीचा कागद दिवाणखान्यात लावू दिला नाही, एवढीच काय ती त्याला खंत आहे.

तर हा साप आठवड्या-दहा दिवसांनी एक उंदीर खातो. रोज दोन्ही वेळ गरम पोळी मागणाऱ्या माणसाच्या तुलनेत हे ताट फारच स्वस्त. पण तो एक उंदीर आणायचा कुठून? बिळातला चालत नाही. त्याच्या अंगावर पिसवा, पोटात जंत आणि कदाचित कोणी घातलेलं औषधही असतं. दुकानात पांढरे उंदीर मिळतात, पण कधी मिळतात, कधी नाही. मिळाले तर आकार चुकलेला असतो. आकार जमला तर उंदीर शिंकत असतो. मग भाच्याच्या डोक्यात ती कल्पना आली, जी साप पाळणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कधी ना कधी येते म्हणतात. "मामा, तुझी गच्चीवरची खोली रिकामीच आहे ना?"

ताईच्या फ्लॅटमध्ये हे होण्यासारखं नव्हतं. तिने साप सहन केला होता, आणि तिच्या मते एका आईच्या सहनशक्तीची इयत्ता तिथे संपत होती. शिवाय भाच्याचा युक्तिवाद बिनतोड होता. उंदरांचं पूर्वीपासून मामाशीच नातं आहे, हे प्रत्येक मराठी मुलाला चालायच्या आधी कळलेलं असतं.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. जमाखर्च दिसला की हात शिवशिवतात. म्हणून मी आधी गणित मांडलं. उंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते. एका वेळी सहापासून बारापर्यंत पिल्लं, सरासरी आठ धरू. तीन आठवड्यांत पिल्लं अंगावरचं दूध सोडतात, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाली की स्वतः संसाराला लागतात. गोम पुढेच आहे. व्याल्यानंतर एका दिवसाच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे एक वेत अंगावर पीत असतं, तेव्हा दुसरं पोटात वाढत असतं. भाच्याचा आग्रह एक नर आणि तीन माद्या असा होता. महिन्याकाठी एका मादीची आठ, तिघींची चोवीस. सापाचा खप महिन्याला चार. चोवीस जमा आणि चार खर्च असा ताळेबंद कोणी कर्जदार घेऊन आला असता, तर मी उठून त्याला चहा पाजला असता. इथे मात्र शिल्लक हीच आपत्ती होती.

"मग एकच जोडी ठेव," मी म्हटलं.

"मामा, दोघी-तिघी असल्या की एकत्र घरटं करतात. एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. एकटी पडली की तिच्यावर सगळा ताण."

हे खरं निघालं. दोन बहिणी एकाच सुमारास व्याल्या की दोन्हीकडची पिल्लं एका ढिगात जातात आणि कोण कोणाचं हे आयांनाही विचारू नये अशी अवस्था होते. गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी ती मंडळी. डोळे उघडतात बाराव्या-चौदाव्या दिवशी. साप पाळणाऱ्या मंडळींत या प्रत्येक वयाला वेगळं नाव आहे. नुकती जन्मलेली 'पिंकी', लव फुटलेली 'फझी', आणि डोळे उघडून टणाटण उड्या मारायला लागलेली 'हॉपर'. माझ्या बायकोला ही नावं कळली तेव्हा ती म्हणाली, "आपल्या पिंकीला हे सांगू नका." पिंकी ही तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी.

उंदीर मुद्दाम वाढवणं हा वेडेपणा आमच्यापासून सुरू झालेला नाही, एवढा दिलासा वाचनातून मिळाला. जपानात १७८७ साली शोभेचे उंदीर कसे पैदा करावेत यावर चक्क छापील पुस्तक निघालं होतं. त्या वेळी पुण्यात सवाई माधवरावांचा प्राणिसंग्रह होता. आपण गेंडे-सिंह जमवत होतो, ते ठिपक्यांचे उंदीर जुळवत होते. ज्याची त्याची हौस. पण मला सगळ्यांत भावल्या त्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावच्या ॲबी लॅथ्रॉप. शाळामास्तरीण. प्रकृतीमुळे शाळा सोडली, मग कोंबड्या पाळल्या, तो धंदा बसला. १९००च्या सुमाराला त्यांनी गोल गोल गिरक्या घेणाऱ्या 'नाचऱ्या' उंदरांची एक जोडी घेतली आणि हौशी लोकांना पिल्लं विकायला सुरुवात केली. बघता बघता हजारोंच्या घरात उंदीर झाले. गिऱ्हाईक म्हणून हौशी आले, तसे हार्वर्डचे प्राध्यापकही आले. बाईंनी नुसते उंदीर विकले नाहीत. काहींच्या अंगावर गाठी येतात हे त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी नोंदी ठेवल्या, शास्त्रज्ञांना लिहिलं आणि कर्करोगावरच्या शोधनिबंधांत त्यांचं नाव लागलं. त्यांच्या गोठ्यातल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून पुढे जो वंश निघाला, त्याच वंशाच्या उंदराचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००२ साली जगापुढे आला. माणसांच्याही फारच थोड्या घराण्यांची वंशावळ इतकी चोख असते.

आमच्या गच्चीवरचे पांढरे उंदीर बहुधा दुसऱ्या घराण्यातले. प्रयोगशाळांत ज्यांना 'स्विस' म्हणतात, ते घराणं १९२६ साली क्लारा लिंच या बाईंनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून न्यूयॉर्कला नेलेल्या दोन नर आणि सात माद्यांपासून वाढलं. आज भारतातल्या कुठल्याही औषधशास्त्राच्या महाविद्यालयात जा, पांढरा उंदीर दिसला की तो बहुतेक त्यांचाच पणतू-खापरपणतू. स्वित्झर्लंडशी आमच्या घराचा आलेला हा एकमेव संबंध, आणि तोही गच्चीवर.

खोलीत भाच्याने प्लास्टिकचे मोठे खोके मांडले, झाकणाला जाळी बसवली, खाली लाकडाचा भुसा अंथरला, बाटलीच्या नळीतून थेंब थेंब पाणी. खाद्याच्या गोळ्या पोत्याने आल्या. घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या हव्या होत्या, तेव्हा मी माझ्या जुन्या प्राप्तिकर विवरणपत्रांच्या प्रती दिल्या. इतकी वर्षं जपून ठेवलेल्या त्या कागदांचा इतका मनापासून उपयोग कोणी केलेला मी प्रथमच पाहिला. एका रात्रीत त्यांनी सगळ्या वजावटी कुरतडून मऊ गादी केली.

आणि वास. याबद्दल कोणी कितीही सांगितलं तरी कमीच. माद्यांचा वास सुसह्य असतो. नराचा नसतो. नर आपल्या मुतण्याने जागोजाग सही करून ठेवतो आणि त्या सहीत असा एक पदार्थ असतो की मादीला तो नर आणि ती जागा दोन्ही पाठ होतात. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० साली तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'डार्सिन', जेन ऑस्टिनच्या कादंबरीतल्या मिस्टर डार्सीवरून. इंग्लंडातल्या वाचकांना यात काव्य दिसलं असेल. गच्चीच्या जिन्यात उभं राहून मला ते दिसलं नाही. बायकोने पहिल्या आठवड्यात फिनेल घेऊन खोली धुऊन काढण्याची धमकी दिली, पण तिथेही भाचा आडवा आला. सगळं एकदम धुतलं की नर बिथरतो आणि दुप्पट जोराने सह्या करतो. म्हणून घाणीचा कोपरा काढायचा, घरट्याची जुनी गादी तशीच ठेवायची. स्वच्छतेची ही निम्मी-निम्मी पद्धत आमच्या घरात कोणालाच पटलेली नाही, पण पाळली जाते.

नराच्या वासाचे चमत्कार एवढ्यावर थांबत नाहीत. नुसत्या माद्या एका खोक्यात गर्दीने ठेवल्या तर त्यांची पाळी मंदावते, आणि नराचा वास आला की दोन-तीन दिवसांत सगळ्या एकदम माजावर येतात. १९५६ साली व्हिटन नावाच्या संशोधकाने हे नोंदवलं. आणि १९५९ साली लंडनमध्ये हिल्डा ब्रूस यांनी त्याहून विलक्षण गोष्ट पाहिली. नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीला परक्या नराचा वास आला तर तो गर्भ टिकत नाही. त्यामुळे नर बदलायचा तर पंचांग पाहून. मी वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला. कोणत्या खोक्यात कोण, कधीपासून, कोणाशी. बायकोने ती वही एकदा चाळली आणि म्हणाली, "आमच्या वधूवर सूचक मंडळातही एवढी चौकशी करत नाहीत."

गाणी मात्र आम्हाला ऐकू येत नाहीत. उंदराचा नर मादीपुढे गातो. नुसतं चिरकत नाही, तर सुरांचे तुकडे पुन्हा पुन्हा घेऊन रीतसर गातो, असं २००५ साली अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. माणसाचा कान वीस हजार कंपनांवर हात टेकतो, आणि यांची बैठक तीस हजारांच्या पुढे सुरू होते. आमच्या डोक्यावर रोज रात्रभर मैफल चालते आणि शेजारच्या सोसायटीतून एकही तक्रार नाही. लाउडस्पीकरवाल्यांनी यातून काही घेण्यासारखं आहे, पण ते असो.

आता बायकोविषयी. तिने पहिल्या दिवशी जाहीर केलं होतं की ती वर पाऊल ठेवणार नाही. पहिली मादी व्याली त्या संध्याकाळी ती वर आली. "बाळंतीण काय खाते?" एवढंच विचारलं. गोळ्या दाखवल्या. तिने गोळी नाकाशी नेली आणि परत ठेवली. "अळीव चालतात का यांना?" भाच्याने फोनवर शोधून सांगितलं की अळिवांचं ठाऊक नाही, पण पाजणाऱ्या मादीला जास्तीची प्रथिनं लागतात, उकडलेलं अंडं उत्तम. आमच्या घरात तीन पिढ्या अंडं आलेलं नव्हतं. आमचा मुलगा व्यायामशाळेत जायला लागला तेव्हा त्याने मागून पाहिलं, मिळालं नाही. ते अंडं आता आलं, वेगळ्या पातेल्यात शिजलं आणि बायकोने स्वतः कुस्करून वर नेलं. मुलाला फोनवर हे कळलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

आणि हे सगळं सापासाठी! ही गोष्ट त्या खोलीत वावरताना विसरायला होते, आणि विसरायला होते म्हणूनच मधूनमधून ती टोचते. भाचा या बाबतीत माझ्यापेक्षा सरळ आहे. तो उंदीर जिवंत टाकत नाही. कोंडीत सापडलेला उंदीर सापाला चावतो, सापाचे डोळे आणि तोंड जखमी होतं, हे एक कारण. दुसरं कारण त्याने सांगितलं नाही, पण मला समजलं. तो कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडून त्यांना आधी झोपवतो, मग पुढचं. त्या दिवशी तो कोणाशी फारसं बोलत नाही. नंतर उंदीर कोमट पाण्यात ऊबदार करून लांब चिमट्याने सापापुढे धरतो, कारण या अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात आणि गार अन्न त्याला अन्न वाटत नाही. बायको म्हणते, "बाकी कसाही असो, गरम जेवणाची किंमत त्याला आहे."

अंडं कुस्करणारा हात आणि गॅसची तोटी फिरवणारा हात एकाच घरातले आहेत, हे मी नाकारत नाही. पण खाटकाच्या दुकानापुढून नाक दाबून जाणारे आणि रविवारी बंद पाकिटातली कोंबडी आणणारे लोक मला यावर प्रवचन द्यायला लागले की माझी पंचाईत होत नाही. आमच्या उंदराला आयुष्यभर भुसा, ऊब, सोबत आणि आजारपणात औषध मिळतं. आपल्याच राज्यात उंदरांचं दुसरं काय काय होतं ते पाहा. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषकसंहारक हातात बॅटरी आणि काठी घेऊन गल्ल्या धुंडाळतात. रात्रीला तीस उंदीर हा त्यांचा ठरलेला कोटा. त्याच मुंबईत, परळला, हाफकिन संस्थेत सर्पविषावरचं काम चालतं, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष किती गुणकारी आहे हे जगभर उंदरांवरच जोखलं जातं. ही संस्था मुळात १८९६च्या प्लेगनंतर उभी राहिलेली, म्हणजे जिच्या जन्मालाच उंदीर कारण. वन्यजीव कायद्यातही उंदरांचं स्थान मजेशीर होतं. कावळा, फळं खाणारी वटवाघळं यांच्याबरोबर उंदीर 'उपद्रवी' म्हणून वेगळ्या परिशिष्टात होते. २०२२च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं. आमच्या उंदरांना हे वाचून दाखवलं, त्यांनी विशेष आनंद दाखवला नाही.

एक नियम मात्र मी माझ्या अधिकारात करून घेतला. आठ-दहा महिन्यांनी मादीची वेतं लहान होत जातात आणि तिला थांबवावं लागतं. भाच्याच्या हिशेबात ती नंतर सापाचीच. मी म्हटलं, "निवृत्तांना हात लावायचा नाही." एक खोका पेन्शनरांचा झाला. उंदीर दोनेक वर्षं जगतो, म्हणजे फार मोठा भार पडत नाही. त्या खोक्याला मी अधूनमधून शेंगदाणा देतो. भाचा म्हणतो हे पक्षपाताचं आहे. ते आहेच.

मग गणपती आले. खाली मखरात मातीचा मूषक दोन्ही हातांत लाडू घेऊन बसला, वर त्याचं गणगोत. बायकोने फर्मान काढलं, दहा दिवस वरून एकही उंदीर सापाकडे जाणार नाही. शेजारच्या काकू आरतीनंतर गच्चीवर जाऊन पेन्शनरांच्या खोक्यापुढे एक मोदक ठेवून आल्या. भाचा ओशाळून म्हणाला, "मामी, काळजी करू नकोस. तसाही तो जेवत नाहीये."

आणि इथेच आमचा सगळा ताळेबंद बिघडला. बॉल पायथन हा उपासासाठी प्रसिद्ध प्राणी आहे. विशेषतः वयात आलेले नर काही महिने अन्नाला तोंड लावत नाहीत. आजार नाही, अशक्तपणा नाही, वजनही फारसं उतरत नाही. चिमट्यापुढचा उंदीर पाहायचा, जीभ एकदा बाहेर काढायची आणि मान वळवायची. त्याने आषाढीपासूनच चातुर्मास धरला होता, आमच्या लक्षात उशिरा आलं एवढंच. बेनिन देशात विदा नावाच्या गावी याच जातीच्या अजगरांचं देऊळ आहे. तिथे ते अधूनमधून बाहेर सोडले जातात आणि आपलं पोट आपण भरून येतात, असं सांगतात. पुण्यात ती सोय नाही.

सापाने व्रत धरलं म्हणून उंदरांनी धरलेलं नव्हतं. नर-माद्या वेगळे केले, तरी आधीच पोटात असलेली वेतं येतच राहिली. खोके वाढले. पोती लवकर संपू लागली. काही उंदीर गोठवून ठेवावेत म्हटलं तर बायकोच्या फ्रीझरमध्ये ओल्या नारळाचा चव, मटार आणि पुरण यांच्या शेजारी त्यांना जागा मिळणं शक्यच नव्हतं. शेवटी भाच्याने एक लहान जुना फ्रीझर घेतला आणि त्याला कुलूप लावलं, कारण आमचा नातू आइसक्रीमच्या शोधात कुठेही हात घालतो. थोडे उंदीर भाच्याच्या ओळखीतून जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे गेले. गव्हाणी घुबडाला नुसतं मांस देऊन भागत नाही. ते अख्खा उंदीर गिळतं आणि नंतर केस-हाडांची गोळी ओकून टाकतं, त्यावरच त्याचं पचन ठीक चालतं. आमचे उंदीर तिथे पसंत पडले. 'अंगाने चांगले आहेत,' असा निरोप आला. हे ऐकून बायकोला जो आनंद झाला तो तिने लपवला, पण त्या दिवशी वरच्या मंडळींना आणखी एक अंडं उकडलं गेलं.

साप अखेर जेवला, तेही रात्री, कोणी पाहत नसताना. एकच उंदीर. माझ्या वहीत एवढ्या महिन्यांत खर्चाच्या बाजूला सापाच्या नावे ती पहिली नोंद पडली, आणि समोर जमेचं पान भरून पाठपोट झालं होतं. भाचा वही पाहत गप्प बसला होता. मग म्हणाला, "मामा, मी काय म्हणतो, उंदीर इतके उरतातच आहेत, तर अजून एक अजगर आणला तर? मादी. माद्या जास्त खातात."

उंदीर सापासाठी होते की आता साप उंदरांसाठी, असं मी विचारणार होतो. पण बँकेतल्या माणसाला पडून असलेली शिल्लक पाहवत नाही. वहीत मी नवं पान आखून ठेवलं आहे. ताईला आणि बायकोला कोणी सांगायचं, यावर आमची चिठ्ठ्या टाकण्याची बोलणी चालू आहेत.